बाबासाहेबांची शिष्यवृत्ती आणि चांदा-गडचिरोलीचे विद्यार्थी

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला धम्मचक्र अनुवर्तन दिनाचा सोहळा होतो. सिरोंचा, अहेरी, एटापल्ली, जिवती, कोरपना, ब्रह्मपुरी, सिंदेवाही अशा दूरदूरच्या भागांतून माणसे येतात. कुणी एस.टी.ने येतो, कुणी ट्रॅक्टरमध्ये बसून येतो, कुणी दोन दिवसांची शिदोरी बांधून येतो. या गर्दीत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला शिकणारी हजारो मुले-मुली असतात. पुस्तकांच्या दुकानांवर ती रेंगाळतात, बाबासाहेबांचे चरित्र विकत घेतात, पुतळ्यासमोर उभे राहून फोटो काढतात. त्यांच्यापैकी कुणालाही बाजूला घेऊन पदवीनंतर काय करणार असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते. पोलीस भरती, वनरक्षक भरती, नाही तर बी.एड., नाही तर एम.पी.एस.सी. आणि यातले काहीच जमले नाही, तर वीज केंद्रात किंवा कोळशाच्या खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली काम.

या कामांपैकी एकही काम कमीपणाचे नाही. पण जगात एवढेच दरवाजे आहेत काय? की एवढेच दरवाजे आमच्या मुलांना दाखवले गेले आहेत? हा प्रश्न मनात धरून बाबासाहेबांच्या चरित्राकडे पाहिले, तर ते चरित्र वेगळे दिसू लागते. बाबासाहेबांची विद्वत्ता आपण सांगतो, त्यांच्या पदव्यांची यादी भाषणात वाचतो. पण त्या पदव्या मिळवण्यासाठी पैसा कुठून आला, माहिती कुणी दिली, अडचणीच्या वेळी कोण उभे राहिले आणि मिळालेल्या मदतीचे बाबासाहेबांनी पुढे काय केले, हा हिशेब आपण क्वचितच मांडतो. विद्यार्थ्यांच्या कामाचा तर हाच हिशेब आहे.

सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. पेन्शन तुटपुंजी, कुटुंब मोठे. तरीही पोराला शिकवायचेच, हा त्यांचा हट्ट. मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत संसार, आणि त्याच खोलीत भीमरावांचा अभ्यास. १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातील मुलगा मॅट्रिक होणे ही त्या काळी एवढी मोठी घटना होती, की त्यासाठी सत्काराची सभा भरली. सी. के. बोले अध्यक्षस्थानी होते. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. या भेटीची गोष्ट आपण नेहमी सांगतो, कारण तिचा धागा थेट १९५६ पर्यंत जातो. पण केळुसकर गुरुजींचे दुसरे काम त्याहून कमी महत्त्वाचे नाही. रामजींना पुढचा खर्च झेपेनासा झाला, तेव्हा केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत या विद्यार्थ्याची गोष्ट पोहोचवली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये प्रा. मुल्लर यांनी पुस्तके आणि कपडे देऊन मदत केली.

विद्यार्थी मित्रांनो, इथे जरा थांबून विचार करा. भीमरावांच्या अंगी बुद्धी होती, कष्टाची तयारी होती. पण बडोद्याचे महाराज हुशार विद्यार्थ्यांना मदत करतात, त्यांच्याकडे कसे जायचे, कुणाच्या ओळखीने जायचे, ही माहिती चाळीतल्या खोलीत आपोआप चालत आली नाही. ती माहिती असलेला एक माणूस मुलाच्या पाठीशी उभा राहिला. आमच्या भागात आजही हुशार मुलांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो केळुसकरांचा.

पदवी हाती आली आणि भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत दाखल झाले. थोडेच दिवस गेले आणि वडील अत्यवस्थ असल्याची बातमी आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. घरचा आधार गेला. कुणीही सामान्य माणूस असता, तर त्याने मिळेल ती नोकरी धरून संसार सांभाळला असता, आणि त्याला कुणी दोषही दिला नसता. पण याच सुमारास बडोदा संस्थान काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवणार होते. भीमरावांनी ती संधी घेतली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. म्हणजे ही मदत फुकटची नव्हती, तिला बंधन होते. ते बंधन डोळसपणे स्वीकारून वयाच्या बाविसाव्या वर्षी ते जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी काय केले, ते आजच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावे. परीक्षेपुरते विषय घेऊन ते थांबले नाहीत. अर्थशास्त्र हा मुख्य विषय, पण इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान या विषयांच्या वर्गांतही ते बसले. सेलिग्मन यांच्यासारखा सार्वजनिक वित्ताचा अभ्यासक आणि जॉन ड्यूई यांच्यासारखा तत्त्वज्ञ त्यांना शिक्षक म्हणून मिळाला. १९१५ साली प्राचीन भारतातील व्यापारावरील प्रबंधाबद्दल एम.ए. पदवी मिळाली. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती आणि यंत्रणा या विषयावर निबंध वाचला. शिष्यवृत्तीच्या पैशातून घरी पैसे पाठवायचे, स्वतः काटकसरीने राहायचे आणि उरलेल्या पैशातून जुनी पुस्तके घ्यायची, असा क्रम होता. वसतिगृहात नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांचा मित्र झाला. ही मैत्री पुढे किती कामाला आली, ते पुढे येईलच.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असा दुहेरी अभ्यास सुरू केला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली, मुदतवाढ मिळाली नाही आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. संकट आल्यावर रडत न बसता परतीचा दरवाजा उघडा ठेवून निघणे, हेही शिक्षणच आहे. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीने येत होती, ती बोट पाणबुडीच्या माऱ्यात बुडाली. घास मारून जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. सामानाच्या भरपाईचे सुमारे सहाशे रुपये मिळाले. त्याच पैशांवर ते करार पाळण्यासाठी बडोद्याला गेले.

बडोद्यात काय झाले, ते आंबेडकरी घरातल्या लहान मुलालाही माहीत आहे. कोलंबियाचा एम.ए., महाराजांच्या लष्करी सचिवाच्या जागेवरचा अधिकारी. पण शिपाई फायली दुरून फेकत, कचेरीत पिण्याचे पाणी मिळत नसे. राहायला घर मिळेना म्हणून पारशी वसतिगृहात नाव लपवून राहावे लागले, आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याच्या बागेत एका झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

गुणवत्ता असली की जात आड येत नाही, असे आज अनेक जण आपल्या मुलांना ऐकवतात. आरक्षणाची आता काय गरज, असेही विचारतात. त्यांनी १९१७ चे बडोदे आठवावे. त्या वेळी भारतात त्यांच्या तोडीचे शिक्षण घेतलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती, तरी त्यांना पाण्याचा पेला मिळाला नाही. पदवीने माणूस लायक होतो. पण लायकी मान्य करायला समाज तयार नसेल, तर कायद्याचे आणि हक्काचे पाठबळ लागते. हा धडा बाबासाहेब बडोद्यात शिकले आणि पुढे घटना लिहिताना तो त्यांनी वापरला.

मुंबईला परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या, व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची कचेरी काढून पाहिली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक यायचे बंद झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, पगार दरमहा ४५० रुपये. घरात बरे दिवस आले. पण त्यांचे लक्ष लंडनला अर्धवट राहिलेल्या अभ्यासाकडे होते. पगारातून पैसा बाजूला टाकला. १९२० च्या मार्चमध्ये नोकरी सोडली. त्याच वर्षी जानेवारीत मूकनायक सुरू झाले होते आणि मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १५०० रुपये दिले, नवल भथेना यांनी ५००० रुपये कर्जाऊ दिले आणि चार वर्षांची मुदत संपण्यापूर्वी बाबासाहेब लंडनला पोहोचले.

लंडनचे ते दिवस उपासमारीचे होते. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचन, रात्री भाजलेले पापड. इकडे मुंबईत माता रमाई काटकसरीने, प्रसंगी उपाशी राहून घर चालवत होत्या. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली, १९२२ मध्ये बॅरिस्टरी झाली, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. हा प्रबंध परीक्षकांनी एकदा दुरुस्तीसाठी परत केला होता, हे लक्षात ठेवा. जगातल्या मोठ्या विद्वानालाही प्रबंध पुन्हा लिहावा लागला. तेव्हा पहिल्या अर्जाला नकार आला, पहिल्या परीक्षेत अपयश आले म्हणून खचण्याचे कारण नाही. ते ज्या घरात राहत होते, ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. एका गरीब विद्यार्थ्याची भाड्याची खोली आज राष्ट्राचे स्मारक झाली आहे.

इथपर्यंत मिळालेल्या मदतीचा हिशेब झाला. आता परतफेडीकडे वळू.

बाबासाहेबांनी एवढ्या पदव्यांवर सुखाने वकिली केली असती, तर बंगला, गाडी, मानसन्मान सगळे मिळाले असते. पण २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिने पहिल्या कामांत जे हाती घेतले ते विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. खेड्यातल्या मुलाला शाळा असूनही शिकता येत नाही, कारण शाळेच्या गावी त्याला राहायला जागा नाही आणि जेवायला अन्न नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९२८ मध्ये दलित वर्ग शिक्षण संस्था काढून आणखी वसतिगृहे चालवली.

त्याच वर्षी मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० मध्ये या समितीचा अहवाल आला. शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, नोकरीतील प्रवेश हे त्यातले मुद्दे. गडचिरोलीच्या वाचकांनी याची मुद्दाम नोंद घ्यावी. बाबासाहेब फक्त एका जातीचे नेते होते, आदिवासींशी त्यांचा काय संबंध, असा प्रचार आजही करणारे आहेत. गोंड-माडिया तरुणाला आश्रमशाळा, वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचा जो हक्क आहे, त्या विचाराच्या पायाभरणीत बाबासाहेबांचा हात १९३० पासून आहे, आणि घटनेच्या कलम ४६ मध्ये अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यावर एकाच वाक्यात टाकलेली आहे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यातून काय निघाले? ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखीव झाल्या, १९४६ मध्ये त्या साडेबारा टक्के झाल्या. अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. परदेशातही विद्यार्थी पाठवले गेले. आज आमची मुले कॉलेजात ज्या शिष्यवृत्तीला नुसते स्कॉलरशिप म्हणतात, आणि ती उशिरा आली म्हणून बाबूच्या खिडकीपुढे उभी राहतात, ती शिष्यवृत्ती अशी जन्माला आली. पुढे ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. याच काळात त्यांच्या खात्याने कामगारांना तांत्रिक शिक्षण देण्याच्या योजना चालवल्या, आणि १९४५ मध्ये देशात रोजगार विनिमय केंद्रांचे जाळे उभे राहू लागले. नोकरी कुठे आहे ही माहिती ओळखीपाळखीच्या माणसांपुरती न राहता नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला मिळावी, हा त्यामागचा हेतू.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा कचेरीत काम करणाऱ्या गरीब कारकुनाला सकाळी शिकता यावे, अशी सोय तिथे झाली. १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मुंबई-पुण्यात आणखी एखादे कॉलेज काढणे सोपे होते. पण नुकताच निजामी राजवटीतून सुटलेला मराठवाडा शिक्षणात सर्वांत मागे होता, म्हणून बाबासाहेब तिथे गेले. म. भि. चिटणीस यांच्यासारखा प्राचार्य दिला, वसतिगृह दिले. त्या एका संस्थेतून लेखक, प्राध्यापक, अधिकारी, कार्यकर्ते यांच्या पिढ्या निघाल्या. जिथे कुणी जात नाही तिथे आधी संस्था न्यायची, हे त्यामागचे धोरण होते.

पण शिकलेल्यांबद्दलची त्यांची वेदनाही विसरता येणार नाही. मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत त्यांनी जाहीरपणे सांगितले, की शिकून मोठी झालेली माणसे समाजाच्या उपयोगी पडतील अशी आपली अपेक्षा होती, पण ती आपले पोट भरण्यात गुंतली. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. पुढे सात महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा देऊन ते १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला आले. तब्येत खालावलेली, चालायला आधार लागे. तरीही ते या जंगलपट्ट्यात आले. नागपूरनंतर धम्मदीक्षेचा सोहळा त्यांच्या हस्ते झाला तो चांद्यालाच. आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. म्हणजे आपल्या आयुष्याच्या शेवटच्या दोन महिन्यांतला एक दिवस त्यांनी आपल्या जिल्ह्याला दिला.

त्या सोहळ्याच्या आयोजनात पुढे होते चांद्याचेच बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे. १९२५ साली चांद्याला जन्मलेला हा तरुण लंडनला जाऊन बॅरिस्टर झाला, पण परत चांद्यालाच आला. १९५८ मध्ये राज्यसभेवर गेला आणि १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचा उपसभापती झाला. रिपब्लिकन चळवळीत त्यांनी हयात घालवली, १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर स्तूपाच्या शेजारीच डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे आहे. स्तूप आणि कॉलेज एकाच आवारात असणे, हा बाबासाहेबांच्या विचाराचा या जिल्ह्याने लावलेला अर्थ आहे. चांद्याचा मुलगा लंडनला जाऊ शकतो का, हा प्रश्न आमच्या जिल्ह्याने पाऊणशे वर्षांपूर्वीच सोडवला आहे.

मग आज अडते कुठे? १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आले, त्यापूर्वी सिरोंच्याच्या मुलाला विद्यापीठाच्या एका कागदासाठी नागपूरला जाऊन यायला दोन दिवस मोडावे लागत. कोळसा, सिमेंट, कागद, वीज, लोहखनिज हे सगळे आमच्या जमिनीतून आणि जंगलातून निघते. पण त्या उद्योगांतल्या अभियंत्यांच्या, भूगर्भतज्ज्ञांच्या, व्यवस्थापकांच्या खुर्च्यांवर आमची मुले किती दिसतात? फाटकावरच्या रांगेत मात्र दिसतात.

योजना नाहीत असे नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५० च्या दशकापासून आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. संशोधनासाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून देशभर एकच सामाईक परीक्षा घेतली जाऊ लागली. वर्ध्याचे हिंदी विद्यापीठ असो की दिल्लीचे नेहरू विद्यापीठ, अर्ज गावातूनच भरता येतो. पण अर्जाची तारीख गावात कळते तेव्हा ती उलटून गेलेली असते. जात वैधता प्रमाणपत्राला अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेले नाहीत, म्हणजे दाखला नाही. मग कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधायची, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर शोधायचे. हे काम बारावीचा निकाल लागल्यावर सुरू केले, तर प्रवेश हातचा गेलाच म्हणून समजा.

दुसरे असे, की योजना कागदावर असणे आणि त्या जिवंत राहणे यांत अंतर आहे. २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचे नियम बदलले आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले. याचा अर्थ काय? १९१६ मध्ये न्यूयॉर्कला भारतातील जातींवर निबंध वाचणारा भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी या नियमाखाली त्या विषयाच्या संशोधनासाठी अर्ज घेऊन आला असता, तर अपात्र ठरला असता! संस्थानच्या राजाने जे अडवले नाही, ते लोकशाहीतल्या सरकारने अडवले. २०२३ मध्ये बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी मुंबईच्या आझाद मैदानात बसावे लागले. म्हणून शिष्यवृत्ती ही भीक समजून गप्प राहू नका आणि ती कायम मिळतच राहील या भ्रमातही राहू नका. ती निवेदन देऊन, भांडून मिळवलेली आहे. राखायचीही तशीच आहे.

आता समाजातल्या नोकरदार बांधवांशी दोन शब्द. तुमच्यापैकी प्रत्येक जण याच शिष्यवृत्तीच्या, याच राखीव जागेच्या आधाराने वर आला आहे. बाबासाहेबांनी बडोद्याच्या मदतीची परतफेड सोलापूरच्या वसतिगृहापासून सुरू केली. तुमची परतफेड कुठून सुरू होणार? गावागावांत विहारे बांधली आहेत. त्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास विद्यार्थ्यांसाठी द्या. भिंतीवर एक फळा लावा, त्यावर चालू महिन्यातल्या शिष्यवृत्त्या, प्रवेश परीक्षा आणि भरती यांच्या शेवटच्या तारखा लिहा. गावातले दहावी-अकरावीतले प्रत्येक मूल नोंदवा आणि त्याच्या जातीच्या दाखल्याचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे, वैधतेचे कागद तेव्हापासूनच गोळा करा. जो मुलगा नागपूर, पुणे, मुंबई, दिल्लीला शिकायला गेला आहे, त्याला सुट्टीत गावी आल्यावर बोलते करा. शेजारच्या टोल्यावरची गोंड, माडिया मुले, भटक्यांची मुले यांनाही त्याच सतरंजीवर बसवा. त्यांचे कागद, त्यांच्या अडचणी आपल्यासारख्याच आहेत. प्रत्येक नोकरदाराने वर्षाला एका विद्यार्थ्याची परीक्षा फी आणि एस.टी.चे भाडे उचलले, तरी पुष्कळ होईल. भथेनांनी ५००० रुपये दिले होते. तुमच्याकडून तेवढेही कुणी मागत नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावता, ते जरूर धावा. पण धावून आल्यावर एक तास वाचायला बसा. मराठी पक्के करा, इंग्रजीची भीती घालवा. आपल्या विषयात देशात कुठे चांगले शिकवतात ते शोधा. वनशास्त्र, भूगर्भशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, मानववंशशास्त्र. ज्या जंगलात तुम्ही वाढलात, ज्या खाणींच्या धुळीत राहता, ज्या ग्रामसभेत बसता, त्या सगळ्यांचा अभ्यास करणारे तज्ज्ञ बाहेरून येतात आणि तुमच्या माहितीवर पदव्या घेतात. ते तज्ज्ञ तुम्ही का होऊ नये? मुलींच्या बाबतीत तर घरच्यांनी अधिक धीर धरावा. बारावी झाली की लग्न, हा जुना हिशेब रमाईंच्या लेकींना शोभत नाही.

यंदा १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर याल, तेव्हा स्तूपाला वंदन केल्यावर शेजारच्या महाविद्यालयाकडेही पाहा. पुस्तकांच्या दुकानातून चरित्राबरोबरच एखाद्या प्रवेश परीक्षेचे पुस्तकही घ्या. आणि परत जाताना गावातल्या एका तरी मुलाला विचारा, की त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की नाही. भरला नसेल, तर त्याच्या शेजारी बसून तो भरून द्या.

जय भीम!